तक्रार न करणारी भाडेकरीण

...आणि वर मलाच म्हणतात, "तुमचं काय बाई, तुमची मजा आहे, दोन-दोन घरं!" मजा? अहो, कसली मजा आणि कसलं काय! एक घर आवरता आवरता माझा जीव मेटाकुटीला येतो, त्यात हे दुसरं! नाही, तुम्ही घ्या. जरूर घ्या. दुसरं घर घ्या, भाड्याने द्या, मालक म्हणवून घ्या, मी कशाला मध्ये येऊ? फक्त घेण्याआधी आमच्या ह्यांचं काय झालं तेवढं ऐका आणि मग खुशाल उडी मारा... कारण तुम्हाला सांगते, लोक काय सांगतात? भाडेकरू वाईट निघाला तर काय करायचं ते सांगतात. भाडं थकवलं तर काय, भिंतीला खिळे मारले तर काय, घर सोडेना तर काय... सगळं सांगतात! पण भाडेकरू चांगला निघाला तर काय करायचं, हे कुणी, कुण्णी म्हणून सांगत नाही!

आता आधी हे कोण ते सांगायला हवं. हे म्हणजे कारखान्यात स्टोअरकीपर. उभा जन्म तिथेच. लोखंडी जाळीची खिडकी, जाळीच्या आत हे आणि बाहेर ही रांग! कुणाला बेअरिंग पाहिजे, कुणाला पट्टा, कुणाला हातभर वायर... आणि सही घेतल्याशिवाय साधा खिळा सोडायचे नाहीत. एकदा मोठे साहेब स्वतः आले खिडकीवर, टेबलाच्या पायाला स्क्रू पाहिजे म्हणून. हे म्हणाले, "जुना जमा करा, नवा घेऊन जा." साहेबांनी शोधला हो जुना! टेबलाखाली रांगत! अशी वट होती. आणि मग एक दिवस भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. आता मला सांगा, ज्या माणसाला उद्यापासून वेळेचं काही कामच उरलं नाही, त्याला घड्याळ? कोण ठरवतं हो हे?

झालं. घरी बसले. घरी बसले म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात बसले. डब्यांना नंबर घातले! साखर संपली म्हटलं की, "संपली? मागची आणलेली गेली कुठे?" गेली कुठे! चहातून तुमच्याच पोटात गेली! मी म्हटलं, अहो, बाहेर पडा जरा, माणसांत जा. ते गेले आणि एका व्याख्यानाला जाऊन बसले. 'पहिलं भाड्याचं घर.' तिथे एक सर. चकचकीत बूट, हातात माइक आणि अख्खा वेळ स्टेजवर इकडून तिकडे अशा फेऱ्या, जसं काही पोटात दुखतंय. "मित्रांनो! भिंतीच्या प्रेमात पडाल, तर त्याच भिंतीवर डोकं आपटाल! लक्षात ठेवा, हा व्यवसाय आहे, इथे भावनेला जागा नाही!"

हे घरी आले ते हेच म्हणत. दारात चपला काढताना, "हा व्यवसाय आहे, इथे भावनेला जागा नाही." हात धुताना तेच. मी विचारलं, जेवायला वाढू का? तर म्हणाले... जाऊ दे.

ह्यांचा फंड होता, माझ्या शिवणक्लासची शिल्लक होती, दोन्ही एकत्र केलं आणि घर शोधायला निघालो. आता सरांनी जे सांगितलं होतं ते बरोबरच होतं हां, मी नाही म्हणत नाही, तुम्हीही तसंच करा. घर आपल्यापासून चालत जाता येईल इतकंच लांब घ्या. पाणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. भिंतीला हात लावून ओल बघा. शेजारच्यांशी बोला. पण ह्यांनी काय करावं? सकाळी गेले, नळ उघडले. दुपारी गेले, नळ उघडले. संध्याकाळी गेले तर विकणारा दारच उघडेना! आतून ओरडतो, "काका, घर बघायला येताय की आंघोळीला?" आणि भिंती! आधी हात लावायचा, मग कान लावायचा, मग बोटाने टकटक. मी म्हटलं, आता तिला जीभ बाहेर काढायला सांगा म्हणजे झालं!

पण घेतलं बाई एकदाचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दुसरा मजला, खिडकीतून समोरच्या बेकरीची चिमणी दिसते. आणि मग ह्यांनी त्या घराला जे काही केलं... अहो, रंग दिला, तोसुद्धा सर म्हणाले म्हणून फिक्का, म्हणजे कुणाचंही सामान शोभतं. बिजागऱ्या बदलल्या. ओट्यावरची फळी किती उंचीवर लावायची म्हणून मला तिथे उभी करून हात वर करायला लावले, अर्धी दुपार! प्रत्येक बटणाचा, प्रत्येक कडीचा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढून ठेवला, उद्या वाद नको. ह्या फोटोंचं मात्र मी तुम्हाला सांगते, काढाच. आमच्या लग्नाचे एवढे फोटो नाहीत, पण काढा. शेवटच्या दिवशी हे त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं, आणि डोळे पुसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "रंगाचा वास." मी म्हटलं, हो ना, व्यवसाय आहे!

मग भाडेकरू. एजंट आला. एजंट म्हणजे असा माणूस, जो आधी "टेन्शन घेऊ नका" म्हणतो आणि मग टेन्शन येईल असंच काहीतरी सांगतो. "टेन्शन घेऊ नका काका, पार्टी चांगली आहे, फक्त तीन कुत्री आहेत." "टेन्शन घेऊ नका, मुलगा सज्जन आहे, ड्रम वाजवतो पण हळू वाजवतो." एक नवं जोडपं आलं. ती म्हणाली सोफा खिडकीशी, तो म्हणाला टीव्ही खिडकीशी. ती म्हणाली तुझ्या आईला पण असंच... आणि मग जे काही सुरू झालं! जाताना "कळवतो" म्हणाले आणि मध्ये एक अख्खा मजला अंतर ठेवून जिना उतरले.

मग एक गृहस्थ. प्रत्येक गोष्टीला हो. नियम मान्य? हो. करार? हो. अनामत? हो. हे म्हणाले, "इतका हो म्हणणारा माणूस मी खिडकीवर कधी बघितला नाही." सरांनी सांगितलेलंच होतं, आधीच्या मालकाला फोन करा. केला. तिकडून मालक, "सोनं आहे हो, सोनं! असा भाडेकरू शोधून सापडायचा नाही! ...कधी नेताय?" त्या 'कधी नेताय'वरून ह्यांनी ओळखलं! फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बघितलंस? हा व्यवसाय आहे, इथे भावनेला जागा नाही."

आणि मग आल्या मेट्रनबाई.

इस्पितळात मुख्य परिचारिका. एकट्या. उंच, ताठ, केस असे घट्ट बांधलेले की केसांना श्वास कोंडल्यासारखं होत असेल. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंट आपोआप सरळ झोपतात म्हणे. आल्या, आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत विचारलं, "पाण्याचा मेन कॉक कुठे?" ह्यांनी दाखवला. "बंद होतो?" ह्यांनी बंद करून दाखवला. "फ्यूज?" दाखवला. "आधीचे भाडेकरू का गेले?" हे म्हणाले, "आधीचे नव्हतेच." "म्हणजे तुम्हाला अनुभव?" "नाही." बाईंनी ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "हरकत नाही. शिकाल." तुम्हाला सांगते, मुलाखत घ्यायला हे गेले होते आणि पास होऊन आले!

करार झाला, सह्या झाल्या, बाई राहायला आल्या. आणि ह्यांनी हत्यारांची पेटी सज्ज केली. पाने, पकडी, वॉशर, निरनिराळे स्क्रू, तेलाची बुधली... सगळं कप्प्या-कप्प्यांत. सर म्हणाले होते, भाडेकरूची तक्रार आली की लगेच जा, टाळाटाळ करू नका, छोटं काम पुढे ढकललं की मोठं होतं. बरोबर आहे! हे तयारच! पेटी दाराशी, चपला पेटीशी, फोन खिशात. पहिला आठवडा गेला, फोन नाही. महिना गेला, भाडं आलं ठरल्या दिवशी, फोन नाही. दुसरा महिना... भाडं आलं, फोन नाही! हे माझ्या फोनवरून स्वतःला फोन करून बघायचे, वाजतो का. वाजायचा! उचलून "हॅलो" पण म्हणायचे! मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "काय म्हणताय?" "काही नाही, लाईन बघतोय."

आता दुसऱ्या कुणी देवाला हात जोडले असते की नाही? भाडं वेळेवर, कटकट शून्य! पण हे मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. शेवटी म्हणाले, "पाहणीला जातो." आता पाहणीला आधी कळवून जायचं असतं, हे ध्यानात ठेवा. घर आपलं असलं तरी राहणाऱ्याचं दार हे राहणाऱ्याचं दार, मालकाने असं घुसू नये. ह्यांनी मेसेज लिहायला घेतला. 'आदरणीय' लिहिलं, खोडलं. 'प्रिय' लिहिलं, मीच खोडायला लावलं! शेवटी गेले. फोटो घेऊन, चष्मा घेऊन, पेटी घेऊन.

परत आले ते चेहरा हा असा पडलेला. मी म्हटलं, काय मोडलं? म्हणाले, "काही नाही." भिंत? "स्वच्छ." नळ? "मोरीतला नळ जरा गळत होता म्हणे..." आणि इथे ह्यांचा आवाज बदलला हो... "त्यांनी स्वतःच वॉशर बदलला. म्हणाल्या, एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला त्रास!" जेवले नाहीत धड. पेटी उघडून बसले. एकही वॉशर न वापरलेला, सगळे जागच्या जागी. आणि खाली बघतच म्हणाले, "आता कुणाला माझ्याकडून काही नकोच आहे गं."

हसताय? मीही हसले असते. पण त्या माणसाची मान मी बघितली ना... सगळा जन्म ज्याच्या खिडकीपुढे रांग होती, त्याच्याकडे आता एक वॉशर मागायला कुणी नाही. मला मेलीला वाटलं होतं, ह्यांना घर पाहिजे, भाडं पाहिजे. ह्यांना खिडकी पाहिजे होती!

मग काय करते! दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना बँकेत पाठवलं आणि मी गेले मेट्रनबाईंकडे. म्हटलं, "बाई, एक विनंती आहे. तक्रार करा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही!"

"पण सगळं नीट आहे."

"तेच तर! अहो, नीट आहे म्हणूनच माणूस खंगत चाललाय माझा!" आणि मी सगळं सांगितलं. खिडकी, रांग, घड्याळ, फोन... सगळं. बाई ऐकत होत्या, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मग म्हणाल्या, "मी पेशंटशी कधी खोटं बोलत नाही." माझं तोंड पडलं. म्हटलं, बरं, येते मी. तर म्हणाल्या, "बसा. खोटं बोलत नाही, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर औषध म्हणून साखरेची गोळी पुष्कळ वेळा दिली आहे. आठवड्यातून एक तक्रार पुरे होईल?" मी म्हटलं, दोन दिल्या तर? तर म्हणाल्या, "नको. सवय लागते."

आणि तुम्हाला काय सांगू! त्याच आठवड्यात फोन वाजला. हे असे उडाले खुर्चीतून! "हॅलो? हो! हो, मालकच बोलतोय! खिडकीची कडी? घट्ट? हात लावू नका! अजिबात हात लावू नका, मी आलो!" कडीला, हो! जसं काही बाँब सापडलाय! गेले ते गेले, तीन तासांनी आले, हाताला तेल, कपाळाला तेल आणि चेहऱ्यावर असं तेज की मी बघतच राहिले. मी म्हटलं, एका कडीला इतका वेळ? म्हणाले, "एक कडी घट्ट असते तेव्हा बाकीच्याही बघून घ्यायच्या असतात. तुला नाही कळायचं. हा व्यवसाय आहे."

पुढच्या आठवड्यात कपाटाचं दार कुरकुरलं. मग पंखा डगमगला. मग एक बटण रुसलं. हे दोन वेळा पोटभर जेवायला लागले, डब्यांवरचे नंबर पुसले गेले, माझी साखर मला परत मिळाली! तिकडच्या मजल्यावरचे लोकही विचारायला लागले, "काका, जरा आमचीही बिजागरी बघता का?" ह्यांनी काय करावं? जुनी बिजागरी जमा करून घेतली, सही घेतली आणि मग नवी लावून दिली!

असं सगळं छान चाललेलं. आणि एक दिवस हे घरी आले, हात धुवायला मोरीवर गेले ते बाहेरच येईनात. मी बघितलं तर नुसतेच उभे. म्हणाले, "इकडे ये. एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. आज दाराच्या मुठीचा स्क्रू सैल झाला म्हणून गेलो होतो. स्क्रू आपोआप सैल झाला ना, तर त्याच्या डोक्यावर ओरखडे येत नाहीत. ह्याच्यावर ताजे होते. कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घालून सैल केलाय."

म्हटलं, संपलं. आता कळलं ह्यांना. आता हा माणूस पुन्हा कधी पेटीला हात लावायचा नाही.

"बाई स्वतःच करतात," हे म्हणाले.

मी म्हटलं, "हो का?"

"अगं, बिचारी एकटी आहे. दिवसभर इस्पितळ, घरी आल्यावर चिटपाखरू नाही. कुणीतरी यावं, दोन शब्द बोलावं, म्हणून करत असणार. सरळ कसं सांगतील? मानी बाई आहे. मी काही कळू दिलं नाही. म्हटलं, फार झिजलाय हो हा स्क्रू, बरं झालं बोलावलंत." आणि टॉवेलने हात पुसत मला म्हणतात कसे, "माणसाने माणसाला सांभाळून घ्यावं लागतं. तुला सांगतोय, तूही जरा जात जा त्यांच्याकडे."

आता बोला! कोण कुणाला सांभाळतंय? मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. आणि पुढच्या सुट्टीला बाईंकडे जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, ह्यांचा आवाज काढून, टॉवेलसकट. मला वाटलं, आता हसतील बाई, निदान आज तरी! बाई चादरीची घडी घालत होत्या. घडी तशीच हातात राहिली. समोरच्या बेकरीच्या चिमणीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगदीच चुकलेलं नाही त्यांचं."

मग त्यांनी ती घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि म्हणाल्या, "औषध चालू ठेवू. दोन्ही पेशंटना मानवतंय."

त्या दिवशी मी चहा करून त्यांना पाजला, त्यांच्याच घरात. मालकिणीने भाडेकरणीच्या ओट्याशी उभं राहून चहा करायचा, हे काही सरांनी शिकवलं नव्हतं हो. फळी मात्र बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर होती.

वर्ष संपलं. करार नवा करायचा. सरांचं म्हणणं, दर वर्षी थोडं भाडं वाढवायचंच, नाहीतर पुढे एकदम वाढवायला गेलं की भांडण होतं. हे बिचारे दोन दिवस आरशासमोर उभे राहून तयारी करत होते, "बाई, थोडं वाढवावं लागेल..." मी पण गेले बरोबर. तिथे बसलो, चहा झाला आणि हे म्हणाले, "बाई, भाडं आहे तेच राहू दे." झाली तयारी! तर बाई म्हणाल्या, "का? करारात वाढ लिहिली आहे." हे म्हणाले, "असू दे लिहिलेली." बाई म्हणाल्या, "मी देणार." हे म्हणाले, "मी घेणार नाही!" आवाज चढले, शेजारचे दारात आले! त्यांना वाटलं, मालक वाढवतोय आणि भाडेकरीण देत नाहीये. अख्ख्या मजल्याने बाईंची बाजू घेतली! आणि बाई ताठ उभ्या राहून ह्यांना काय म्हणाल्या माहितीये? "हा व्यवसाय आहे, इथे भावनेला जागा नाही!" हे खाली बसले आणि मुकाट्याने सही केली.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई, तुझं रडगाणं काय? सगळं तर गोड झालं! अहो, तिकडे झालं! तिकडच्या घरात कडी वाजत नाही, पंखा डुलत नाही, दारं लोण्यासारखी फिरतात. आणि इकडे, माझ्या स्वयंपाकघरात, नळ! टप्... टप्... टप्... सांगितलं ह्यांना. "बघतो." परत सांगितलं. "बघतो म्हटलं ना! आज तिकडे पडद्याची दांडी आहे." महिना झाला, दीड महिना झाला... बादली भरली की ओतायची, भरली की ओतायची. शेवटी माझा संयम सुटला आणि मी कुणाला फोन केला असेल? मेट्रनबाईंना! त्या सुट्टीच्या दिवशी आल्या, हे तिकडे त्यांच्याच खिडकीचं काहीतरी करत होते तेव्हा. बाह्या वर केल्या, मेन कॉक बंद केला, पाना लावला, वॉशर बदलला, हात धुतले. इंजेक्शन देतात ना, तसं, कळलंच नाही! आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं. त्यांच्या मनाला लागेल."

झालं! तेव्हापासून नळ ठणठणीत. एक थेंब नाही. पण सांगायची सोय आहे का? मग मी काय करते, रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवते आणि म्हणते, "अहो, नळ गळतोय." आणि हे पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "बघतो." काल तर चिडलेच माझ्यावर. म्हणाले, "रोज रोज काय तेच तेच! तुला एकटीलाच ऐकू येतं का ते? त्या टपटपीने मलासुद्धा रात्रभर झोप लागत नाही!"